शेवाळेनानांचा अंगठा

शेवाळेनाना स्टोअरच्या खिडकीशी आले की मी आधी त्यांच्या हाताकडे बघायची. हातात जाडी मोजायचा व्हर्निअर असला तर काम टूलरूमचं. हात मोकळे असले तर काम स्वतःचं, आणि ते वर्षातून एकदाच निघायचं, नवे सेफ्टी शूज घ्यायला. त्या वर्षी दिवाळीनंतर ते दुसऱ्यांदा मोकळ्या हातांनी आले तेव्हा मला जरा नवल वाटलं.

"ताई, नऊ नंबर हाय का?"

"तुमचा आठ आहे ना, नाना?"

"आठच हाय. पन नऊ पायजे."

"का?"

"पाय बोलतोय."

नाना 'दुखतंय' हा शब्द वापरत नसत. त्यांचा गुडघा बोलायचा, दाढ बोलायची, एकदा तर पाठ तीन दिवस बोलत होती. आम्ही हसायचो. त्या दिवशीही मी हसले आणि सांगितलं की वर्षातून एकच जोड मिळतो, दुसरा हवा असेल तर अर्ज करा, त्यावर साहेबांची सही आणा. मी तेव्हा नियमाची बाई होते. नाना "बरं" म्हणाले आणि गेले. जाताना उजवा पाय जरा बाहेर टाकत होते, हे मी पाहिलं. पाहिलं आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अंबडला आमचा कारखाना होता आणि मी तिथे स्टोअरला होते. दगाजी शेवाळे टूलरूममध्ये फिटर. मूळचे कळवणजवळच्या एका खेड्यातले. आयटीआय करून नाशिकला आले तेव्हा अंबडला निम्मं माळरान होतं असं ते सांगायचे. अंगानं आडवे, मान आखूड, हात मात्र सोनारासारखे. लोखंडाच्या तुकड्यावर कानस फिरवायला लागले की बघत राहावंसं वाटे.

मोजण्याचं त्यांना वेड होतं. "डोळा खोटं बोलत नाय, पन पुरतं सांगत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला की कधी कधी भाकरीलाही व्हर्निअर लावायचे आणि मोठ्या समाधानानं जाहीर करायचे की विमलबाईंची भाकरी काठाला आणि मध्ये सारखीच जाड आहे. विमलबाई म्हणजे त्यांची बायको. ही तपासणी रोज चालते हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा तिनं दोन दिवस डब्यात नुसता भात दिला.

दुसरं वेड कोपऱ्यांचं. फिटरच्या धंद्यात कुठल्याही तुकड्याचा धारदार कोपरा तसाच ठेवत नाहीत, कानस मारून तो बोथट करतात, नाहीतर हाताला लागतो. नानांच्या बाबतीत हे कारखान्यापुरतं राहिलं नव्हतं. माझ्या खिडकीच्या पत्र्याला एकदा साडीचा पदर अडकून फाटला. मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नाना कानस घेऊन आले, पत्र्याची कड गोल करून दिली, बोट फिरवून पाहिलं आणि निघून गेले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे रस्सीखेच. दर जानेवारीत अंबडच्या कारखान्यांचे सामने व्हायचे. क्रिकेट, कॅरम सगळं असायचं, पण गर्दी व्हायची ती रस्सीखेचीला. आमच्या संघात दोराच्या शेवटी नाना असत. दोर पाठीवरून घेऊन, काखेतून काढून, मागे रेलून ते उभे राहिले की जमिनीत खांब गाडल्यासारखे वाटत. आमचा कारखाना मोठा नव्हता, तरी शेजारच्या मोठ्या कारखान्याला आम्ही तीन वर्षं लागोपाठ हरवलं होतं, ते या शेवटच्या माणसाच्या जोरावर.

त्या जानेवारीत मात्र हरलो. एक ओढ त्यांची, एक आमची, आणि तिसऱ्या ओढीला दोर आमच्या बाजूला सरकत असतानाच नानांचा हात सुटला. दोर त्यांच्या काखेतून सर्रकन निघून गेला आणि आमची माणसं एकमेकांवर तोंडघशी पडली. मोठ्या कारखान्याच्या लोकांनी जो गोंगाट केला तो आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर घुमत होता. कोणी म्हणालं, नाना संपले. कोणी म्हणालं, वय झालं, पुढच्या वर्षी दुसरा माणूस लावा. नाना तिथेच बसून चहा पीत होते. "सुटला. माझ्याकडूनच सुटला," एवढंच म्हणाले.

पुढच्याच महिन्यात बुटाचं प्रकरण झालं.

आमचे सेफ्टी ऑफिसर देशमुखसाहेब फेरी मारताना हातातल्या छडीनं प्रत्येकाच्या बुटाच्या टोकावर टकटक करायचे. आत लोखंडी वाटी असते, ती वाजायला हवी. त्या दिवशी नानांच्या उजव्या बुटावर छडी आपटली आणि आवाज आला नाही. नानांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. साहेबांनी पुन्हा छडी उचलली तसे नाना पाय मागे घेऊन म्हणाले, "साहेब, मारू नका."

बूट घेऊन दोघं माझ्या खिडकीशी आले. साहेबांना विचारायचं होतं की असा बूट स्टोअरमधून गेलाच कसा. मी बूट हातात घेतला. कातडं बाजूनं कापून वाटी काढून टाकली होती आणि पुन्हा इतकं सुबक शिवलं होतं की टाका शोधावा लागत होता. असं काम कारखान्यात एकच माणूस करू शकत होता.

"हे तुम्ही केलंत?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"पायावर लोखंड पडलं असतं म्हणजे? नोकरी घालवायची आहे का?"

साहेबांनी मोजा काढायला लावला. मोजा पुढून चिकटला होता, तो सोडवताना नाना खिडकीचा पत्रा धरून उभे होते. उजव्या पायाचा अंगठा दुप्पट झाला होता. नखाची एक कड मांसात शिरली होती आणि त्यावर लाल, ओलं मांस चढलं होतं. साहेबांनी हातातली छडी खिडकीत ठेवली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून बोलतोय."

माझ्याकडे नानांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नऊ नंबरचा जोड मागच्या फळीवर तेव्हाही होता आणि आताही होता.

साहेबांनी मेमो लिहिला, तो लिहावाच लागणार होता. खाली लिहिलं की पाय बरा झाल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय कामावर घेऊ नये. नाना ते वाचून आणखी खचले. मेमोचं त्यांना एवढं वाटलं नाही, डॉक्टरांचं वाटलं. चार-पाच वर्षांपूर्वी हेच नख असंच रुतलं होतं. तेव्हा गावाकडे कोणीतरी ते सबंध उपटून काढलं होतं, आणि सुई टोचूनही अंगठा पुरता बधिर झाला नव्हता. "चार मानसं बसली व्हती माझ्या अंगावर, ताई," नानांनी मला सांगितलं. "आन् नख परत आलं ते पयल्यापेक्षा वाकडं."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आम्ही सगळे अंबडशेजारच्या सिडकोतच राहायचो. माझ्या आईवर उपचार केलेल्या डॉक्टर खैरनार जवळच होत्या. वयानं लहान, नुकतंच स्वतःचं छोटं हॉस्पिटल टाकलेलं. मी त्यांचं नाव काढलं. नाना म्हणाले, मीठ टाकून गरम पाण्यात पाय बुडवतोय, होईल बरं. विमलबाई आतून म्हणाली, "तीन महिने बुडवतायत. बादली झिजली, अंगठा हाय तसाच." मग तिनं पायताण घातलं आणि दारात उभी राहिली. नानांना उठावंच लागलं.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि केसपेपरवर नाव लिहिता लिहिता विचारलं, "नाना, कोठला शेतस तुम्ही?"

नानांनी मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. "कळवणकडला. तुम्ही?"

"सटाणानी शे मी."

पुढची पाच मिनिटं दोघं अहिराणीत बोलत होते. गाव, पाहुणे, कोणाच्या विहिरीला पाणी, कोणाचा मळा कुठे. माझ्यासारखीला निम्मं समजलं. पण नानांचे खांदे खाली आले हे दिसत होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, "नखं कशी कापता?"

या प्रश्नावर नाना खुलले. नख आधी कापायचं, मग दोन्ही कोपरे आतपर्यंत गोल घ्यायचे, मग बारीक कानस मारायची. बोट फिरवलं तर कुठे लागता कामा नये. कारखान्यात कोपरा कसा मारतात तेही त्यांनी समजावून सांगितलं. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाना, तुमचं काम लोखंडाला बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड वाढत नाही. नख वाढतं. कोपरा आत कापला की वाढताना ते मांसात घुसतं. वरून बूट दाबतो. नख सरळ कापायचं, कोपरा बाहेर दिसला पाहिजे."

नानांनी वाकून अंगठ्याकडे पाहिलं. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांनी त्यांना नावाजलं, तीच त्यांच्या पायात घुसली होती. मग म्हणाले, "म्हंजे चूक मापाची नाय. चूक मालाची हाय." डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "तसंच समजा."

मग त्यांनी काय करणार ते सांगितलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी इंजेक्शन, ते मात्र टोचेल. बधिर झाला की नाही हे तपासल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. सबंध नख काढायचं नाही, फक्त रुतलेली कड उभी कापून काढायची, आणि तिच्या मुळाशी औषध लावायचं म्हणजे ती कड पुन्हा उगवणार नाही.

"माझ्या अंगावर कोन बसनार?" नानांनी विचारलं.

"कोणी नाही."

विमलबाईनं मला आत राहायला सांगितलं, तिला रक्त बघवत नव्हतं. इंजेक्शनला नानांनी टेबलाची कड धरली, डोळे मिटले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. पाच-सात मिनिटांनी डॉक्टरांनी अंगठ्याला चिमटा लावला. "बोलतोय?" मी विचारलं. नानांनी डोळे उघडून अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच होता. "गप हाय," ते म्हणाले. "तीन महिन्यांत पयल्यांदा गप हाय."

मग त्यांना बघायचंच होतं. उशी मागे घेऊन ते अर्धवट उठून बसले आणि डॉक्टरांचा हात निरखू लागले. अंगठ्याच्या बुडाशी रबर आवळलेला, कात्रीचं टोक नखाखाली सरळ मुळापर्यंत गेलं, आणि चिमट्यानं ती कड हळूहळू बाहेर आली. "हात चांगला हाय तुमचा," नाना म्हणाले. टूलरूममध्ये त्यांनी असं कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"हे काळं कशानं झालंय?" डॉक्टरांनी उरलेल्या नखाकडे बघत विचारलं. "महिनाभरापूर्वीचं दिसतंय. कोणी जोरात पाय दिला होता का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रस्सीखेचीला. पुढच्या गड्याची टाच पडली."

नानांच्या पुढे सुरेश भामरे होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा, मशीनवर काम करणारा. मागे रेलताना त्याची टाच सगळ्या वजनानिशी या अंगठ्यावर आली होती. मी म्हटलं, "नाना, मग तुम्ही सांगितलं का नाही? सगळे तुम्हाला बोलत होते."

"तो आत्ताच पर्मनंट झालाय. त्याला बोलले असते. मला बोलले तर माझं काय जातंय?" ते म्हणाले. "तुमी बी सांगू नका, ताई."

काढलेली कड त्यांनी मागून घेतली. कापसावर ठेवून खिशातला व्हर्निअर लावला. तीन मिलिमीटर भरली. "एवढ्यासाठी एवढं," म्हणाले आणि कड पुडीत बांधून विमलबाईला दाखवायला घेऊन गेले.

नानांना घरी बसवणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड होतं. पहिले दोन दिवस पाय दोन उशांवर, खाली घ्यायचा नाही. विमलबाई उंबऱ्यात बसून राहायची. चादर अंगठ्याला लागते म्हणून नानांनी पडल्या पडल्या सळईच्या तुकड्यांची कमान करून घेतली, तिच्यावर चादर टाकली की पाय मोकळा. दोन दिवसांनी पट्टी बदलली, मग रोज कोमट पाण्यात पाय, मग नवी पट्टी. आठवडाभरानंतरही पट्टी ओली व्हायची तेव्हा नाना घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, मुळाशी औषध लावलंय, ते तीन-चार आठवडे पाझरणारच, लाली आणि सूज वाढली तरच काळजी. नानांचा शब्दावर विश्वास नव्हता. त्यांनी आलेखाचा कागद आणला, रोज पाय त्यावर ठेवून पेन्सिलनं रेघ मारली. पंधराव्या दिवशी रेघा आत आत येत गेल्या होत्या. ते कागद त्यांनी मला असे दाखवले जसे कोणी नातवाचे फोटो दाखवतं.

त्या कागदांतूनच पुढचं सगळं निघालं. पाय जमिनीवर टेकवल्यावर केवढा पसरतो हे नानांनी पहिल्यांदाच पाहिलं. जुना बूट मागवला, पुढून आतून मोजला. बूट पायापेक्षा बोटभर अरुंद निघाला. मग भेटायला येईल त्याला ते चप्पल-बूट काढायला लावू लागले. पाय कागदावर ठेवा, उभे राहा, वजन टाका. चहा नंतर. महिन्याभरात चाळीसेक जणांचे पाय त्यांच्याकडे जमा झाले. त्यांतल्या अकरा जणांनी मोजा काढताना खाली बघितलं. कोणाचं नख रुतलेलं, कोणाचं पिकून गेलेलं, एकानं तर घरी ब्लेडनं कोरलं होतं. नोकरीच्या भीतीनं कोणी बोललं नव्हतं.

सर्टिफिकेट घेऊन कामावर आले त्या दिवशी नाना आधी देशमुखसाहेबांकडे गेले. बुटाबद्दल माफी मागितली आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"साहेब, वाटी काढली ही माझी चूक. पन बूट बी चुकीचा हाय. नंबर लांबीचा देतात, रुंदीचं कोन बघत नाय."

साहेबांनी एक एक कागद बघितला. मग मला बोलावलं, शूजचा नमुना मागवला, आणि स्वतः बूट काढून कागदावर उभे राहिले. त्यांचाही पाय नमुन्याच्या बुटापेक्षा रुंद निघाला. पावसाळ्याच्या आधी कारखान्यात पुढून रुंद बूट आले. नमुने तीन ठिकाणांहून मागवले होते आणि ते नानांनी तपासले. माझ्या खिडकीशी तेव्हापासून जाड कागद अंथरलेला असायचा. माणूस आधी त्यावर उभा राहायचा, मग मी फळीवरून बूट काढून द्यायची. अकरांपैकी सात जणांना नाना स्वतः डॉक्टर खैरनारांकडे घेऊन गेले आणि प्रत्येकाच्या उशाशी उभे राहून म्हणाले, "काही नाय रे, गप होतो."

जानेवारीत संघ निवडायची वेळ आली. शेवटी दुसरा कोणी लावावा असं दोघा-तिघांनी सुचवलं. देशमुखसाहेबांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "शेवटाला मी. माझ्यापुढं भामरे."

अंतिम सामना त्याच मोठ्या कारखान्याशी. पुन्हा एक ओढ त्यांची, एक आमची. तिसऱ्या ओढीआधी पाणी प्यायला सगळे थांबले होते. मी पाण्याचा जग घेऊन तिथेच होते. भामरे नानांजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"नाना, मागच्या वर्षी माझी टाच पडली होती तुमच्या पायावर. मला कळलं होतं. मी बोललो नाही."

"मला बी ठाऊक हाय," नाना म्हणाले.

"मग मला पुढे का घेतलं?"

"तू जोर लावतोस म्हनून. आता बिनधास्त मागं ये. आपला पाय हाय, तुला जागा देईल."

शिट्टी झाली. दोर ताठ झाला आणि बराच वेळ इकडे नाही की तिकडे नाही. मग त्यांनी आम्हाला हातभर ओढलं. नाना जमिनीला जवळजवळ आडवे झाले होते, टाचा रुतलेल्या, अनवाणी पायांची दहाही बोटं मातीत पसरलेली. भामरेची टाच दोनदा त्यांच्या पायावर आली, मी डोळ्यांनी पाहिली. नानांचा चेहरा हललाही नाही. "हळूहळू," ते म्हणत होते, "घाई नाय, हळूहळू." वीतभर परत आलं, मग हातभर, आणि मग समोरची पहिली दोन माणसं एकदम घसरली. दोर आमच्याकडे आला तो थांबलाच नाही.

भामरे रडत होता. लोकांनी नानांना उचलायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही, तेव्हा सगळे त्यांच्याभोवती नाचले. गर्दीत डॉक्टर खैरनारही आलेल्या होत्या, त्यांना नानांनीच बोलावलं होतं. विमलबाईनं आम्हा दोघींना पेढा दिला आणि म्हणाली, "आता घरी आल्यावर रोज हेच ऐकायचं."

पुढे काही वर्षांनी नाना निवृत्त होऊन कळवणला गेले. मग माझी पुण्याला बदली ठरली. जाण्याआधी एका लग्नाला त्या बाजूला गेले होते, तेव्हा त्यांच्या मळ्यात उतरले. सकाळची वेळ होती, थंडी अजून होती. नाना कांद्याला पाणी भरत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. एक वाफा भरला की पायानंच माती लोटून त्याचं तोंड बंद करायचे आणि शेजारच्याचं उघडायचे. फावडं बांधावर पडून होतं.

मी बदलीचं सांगितलं. विमलबाई चहा ठेवायला गेली. नानांनी पुण्याची चौकशी केली, आईची केली, भामरेला मुलगी झाल्याचं सांगितलं. बोलता बोलता त्यांचं लक्ष पलीकडे गेलं.

"थांबा ताई, पानी टोकाला गेलं," म्हणाले आणि निघाले.

मी बांधावर उभी राहून बघत होते. अरुंद, ओल्या बांधावरून ते भरभर चालत गेले, मग चक्क पळायला लागले. पाणी पुढे आणि नाना त्याच्यामागे, आणि दोघांपैकी कोणीही थांबत नव्हतं.